वाड्यातला ट्रॅक्टर आणि विद्यार्थ्यांचा शोध

नागपुरातील माझ्या अकरावीच्या वर्गासाठी ऑनलाइन शोध-उपक्रम आखताना मी महेश एलकुंचवार यांचे १९८५ साली रंगभूमीवर आलेले ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक निवडले, कारण विदर्भातील जमीनदार घराण्याची ती पडझड इथल्या मुलांच्या आजोळापासून फार दूरची नाही. नाटकातल्या वाड्याच्या अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर हे आमचे पहिले शोधसूत्र आहे. ‘लेखकाची माहिती शोधा’ असे सांगितले, की मुले समोर दिसेल तो मजकूर उतरवून मोकळी होतात. म्हणून प्रश्न असा घातला, की विदर्भासाठीचा १९५८ चा कूळकायदा आणि १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा यांमुळे अशा घराण्यांच्या हातून काय निसटले असेल, आणि संहितेतील कोणते संवाद त्याची साक्ष देतात? कायद्यांचा मजकूर, मराठी विश्वकोश आणि जिल्हा गॅझेटियर ही साधने संगणकावर विनामूल्य वाचता येतात. प्रत्येक उत्तराखाली साधनाचा दुवा आणि संहितेचा पृष्ठक्रमांक देणे बंधनकारक आहे. दोन साधनांत तफावत आढळली, तर ती स्पष्टपणे नोंदवावी. माझ्या मते सर्वाधिक गुण त्या नोंदीलाच मिळायला हवेत.