दोन मिनिटे उशिराची तिन्हीसांज

बुर्ज खलिफाच्या १२४व्या मजल्यावर जाण्याचे तिकीट वेळेनुसार बदलते आणि सूर्यास्ताच्या सुमाराला वर असायचे तर जास्त पैसे मोजावे लागतात, हे कळल्यावर आईने धाकट्या भावाला विचारले, "अरे, सूर्य मावळायचेही पैसे घेतात का इथे?" तिचा संसार गुहागरात झाला. तिथे सुरूच्या बनापलीकडे सूर्य रोज समुद्रात बुडतो आणि त्याची पावती कोणी फाडत नाही. पण भाऊ दुबईत नोकरीला, तिकिटे त्याने आधीच काढून ठेवलेली, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नव्हता.

या मनोऱ्यात शिरायची वाट मॉलच्या तळमजल्यातून जाते. हिरव्या पडद्यासमोर उभे करून आपला फोटो काढतात, त्यामागे नंतर बुर्ज चिकटवतात, आणि परतताना तो विकत घेण्याचा आग्रह होतो. हा प्रकार मला जत्रेतल्या कागदी विमानात बसून काढलेल्या फोटोंच्या वंशातला वाटला. आई रमली ती भावाने सांगितलेल्या बांधकामाच्या हकिगतीत. ८२८ मीटर उंची, ४ जानेवारी २०१० रोजी झालेले उद्घाटन, त्याच दिवशी 'बुर्ज दुबई'चे झालेले 'बुर्ज खलिफा', हे सारे तिने सौजन्याने ऐकून घेतले. मात्र उन्हाळ्यात काँक्रीट बर्फ घालून कालवत आणि उन्हाने ते तडकू नये म्हणून रात्री ओतत, हे ऐकल्यावर ती थबकली. रात्र-रात्र ते ओतणाऱ्यांत बहुतेक आपल्याच बाजूचे, म्हणजे भारत-पाकिस्तान-बांगलादेशातले मजूर होते, हेही भावाने सांगितले. "म्हणजे बर्फ सिमेंटाला मिळाला," एवढेच ती म्हणाली.

लिफ्ट सेकंदाला १० मीटर वेगाने चढते. कानांना दडे बसले, ते मोकळे व्हायच्या आत दार उघडले. आपण पार टोकाला आलो असे वाटते, पण हा सज्जा ४५२ मीटरवर आहे, म्हणजे इमारतीच्या निम्म्याहून थोडा वर. उरलेला बराचसा भाग नुसता निमुळता होत गेलेला, आणि त्याच्या शेवटच्या पट्ट्यात तर माणसाला राहण्याजोगे काही नाहीच. खालून पाहताना ज्यांनी मान दुखते त्या शेजारच्या इमारती इथून टाचण्या खोचल्यासारख्या दिसतात, आणि शेख झायेद रस्त्यावरच्या गाड्या हलतात की उभ्या आहेत हे क्षणभर पाहत राहावे लागते. खरे सांगायचे तर पाच मिनिटांत हे कौतुक संपते. नजर मग आपोआप पश्चिमेला जाते, कारण पैसे तिकडचे दिलेले असतात.

आम्ही गेलो तेव्हा रमजानचा महिना होता. आमच्या शेजारी काचेला टेकून एक कुटुंब उभे होते. वडिलांच्या तळहातावर कागदात गुंडाळलेले खजूर, आणि सात-आठ वर्षांच्या मुलीची नजर त्या खजुरांवर. मोबाइलवर अजान वाजली. मुलीने हात पुढे केला, तेव्हा वडिलांनी हसून दोन बोटे वर केली. भावाला ती खूण ठाऊक होती. दुबईच्या मुफ्तींनी २०११ सालीच सांगून ठेवले आहे की या इमारतीत ८०व्या मजल्यापासून १५०व्यापर्यंत राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटे उशिरा सोडावा, आणि त्याहून वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटे. उंच गेले की क्षितिज खाली सरकते, त्यामुळे जमिनीवरच्या माणसाचा सूर्य बुडाला तरी वरच्याचा अजून थोडा शिल्लक असतो.

मला गुहागरची पुळण आठवली. लहानपणी आम्ही भावंडे वाळूत पालथी पडून सूर्य बुडण्याची वाट पाहत असू, आणि शेवटची कोर गेली रे गेली की ताडकन उभी राहत असू. मग ती कोर पुन्हा दिसे, जेमतेम पाच-सहा सेकंद. हा आमचा फुकटचा दुसरा सूर्यास्त होता. इथे त्या पाच-सहा सेकंदांची दोन-अडीच मिनिटे होतात, त्यासाठी साडेचारशे मीटर चढावे लागते आणि तिकीट काढावे लागते. त्या दिवशी तर तेही पदरात पडले नाही. वाळवंटातली धूळ हवेत इतकी दाटली होती की सूर्य समुद्राला टेकण्यापूर्वीच, चार बोटे वर असतानाच, तांब्याच्या जुन्या पैशासारखा मंद होत पुसला गेला. तो नेमका केव्हा बुडाला हे ना आम्हाला दिसले ना त्या वडिलांना. त्यांनी घड्याळावर भरवसा ठेवला आणि दोन मिनिटे पुरी झाल्यावर मुलीच्या हातावर पहिला खजूर ठेवला. तिने त्यातला अर्धा मोडून माझ्या आईला दिला.

तोवर खाली दिवे लागू लागले होते. आधी रस्त्यांचे, मग खिडक्यांचे, मग कारंज्याभोवतीचे. आणि आमच्या भोवती मात्र धुळीत विरघळलेला पिवळसर उजेड अजून रेंगाळत होता. दिवेलागण आपल्या पायांखाली होताना मी कधीच पाहिली नव्हती. आईने हात जोडायला घेतले आणि मध्येच थांबवले.

"शुभंकरोति कधी म्हणायची रे? खालच्या वेळेला की इथल्या?"

भावाला उत्तर सुचले नाही. मी म्हटले, शेजारच्यांनी इथली वेळ धरली, आपणही तीच धरू. आईला ते पटले नाही. देव घरी आहेत, तेव्हा वेळही घरचीच धरायला हवी, असे तिचे म्हणणे पडले. लिफ्टमध्ये उतरताना तिने भावाला विचारले, "तुझे बिऱ्हाड कितव्या मजल्यावर?"

"चौथ्या."

"मग किती उशीर चालेल?"

"अर्धा मिनिट असेल," भाऊ म्हणाला.

मॉलमधून बाहेर पडून गर्दीतून वाट काढत घरी पोहोचेपर्यंत साडेआठ वाजून गेले होते.