चारशेसातची चीं चीं थांबली: बेल्ट, पुली आणि ब्रॅकेट

मंडळी, माझ्या जुन्या टाटा ४०७ ट्रकच्या फॅन बेल्टच्या आवाजाचं काम एकदाचं मार्गी लागलंय. गाडी ४९७ इंजिनची, चार सिलिंडर, ९७ मिमी बोअर, २९५६ सीसी, आणि एकच व्ही बेल्ट क्रँकवरून (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) वॉटर पंप नि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) दोन्ही फिरवतो. माझ्या गाडीला अल्टरनेटरच्या मागच्या टोकाला ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम देणारा पंप आहे, म्हणजे बेल्ट तुटला तर चार्जिंग जातं, इंजिन तापतं आणि वर ब्रेकचा बूस्टर पण जातो, पेडल दगडासारखं होतं. म्हणून बेल्टचा आवाज येतोय, येऊ दे, असं या गाडीत करायचंच नाही.

आधी आवाज नीट ऐकला, कारण आवाज दोन होते. सकाळी स्टार्ट मारल्यावर लांबलचक चीईईई, दोन-चार मिनिटांत कमी व्हायचा आणि हेडलाईट लावली की परत. हा घसरणाऱ्या बेल्टचा आवाज. स्टार्टरने बॅटरी खाल्लेली असते, अल्टरनेटरवर लोड येतो, त्याची पुली सगळ्यात लहान, तिला बेल्टचा वेढा सगळ्यात कमी, त्यामुळं घसरायला सुरुवात तिथूनच होते. दुसरा आवाज आयडलिंगला (रेस न देता इंजिन मंद चालतं तेव्हा), बारीक, तुटक चिव-चिव-चिव, इंजिनच्या फेऱ्यांबरोबर पळणारा. असा आवाज आला की बेल्ट सरळ रेषेत चालतोय का ते बघायचं.

मग पाण्याची टेस्ट. स्प्रेच्या बाटलीनं चालू बेल्टच्या आतल्या बाजूला थोडं पाणी मारायचं (बाही सैल नको, फॅन तिथंच फिरत असतो). पाणी पडल्यावर आवाज वाढला तर ताण कमी, गप्प झाला नि थोड्या वेळानं परत आला तर पुल्यांची लाईन बघा. माझ्याकडं हेडलाईट लावून पाणी मारलं तर चीईईई वाढली, लाईट बंद करून मारलं तर चिवचिव पार थांबली आणि बेल्ट सुकल्यावर परत चालू. म्हणजे दोन्ही भानगडी एकत्र. कोल्हापूरच्या पावसात हीच गाडी सकाळी का ओरडते ते पण त्यातच कळलं.

बेअरिंग वगळायला बेल्ट काढून इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवलं, वॉटर पंप बंद असतो म्हणून जास्त नाही, आणि गाडी जागेवरून हलवायची नाही, व्हॅक्यूम नसतो. आवाज गायब. पुल्या हातानं फिरवल्या, वॉटर पंपाला खेळ नाही, अल्टरनेटर थोडा जड फिरतो पण तो व्हॅक्यूम पंपामुळं, घरघर कुठंच नाही.

आता जे हाताला लागलं ते. बेल्टच्या दोन्ही कडा काचेसारख्या चकचकीत, आणि अल्टरनेटर पुलीच्या खाचेचा तळ पण चकचकीत. व्ही बेल्ट खाचेच्या दोन तिरक्या भिंतींमध्ये पाचरीसारखा आवळून बसतो, सगळी पकड तिथंच. तळाला टेकला की पाचर संपली, मग कितीही ताणा, तो घसरणारच. म्हणजे पुली झिजलेली, तिच्यावर नुसता नवीन बेल्ट टाकून काही उपयोग नव्हता.

पण चिवचिव कशाची? अल्टरनेटर ढिला असताना क्रँक पुलीच्या तोंडावर सरळ अॅल्युमिनियमची पट्टी टेकवून अल्टरनेटर पुलीपर्यंतची फट मोजली, मग बेल्ट ताणून परत मोजली. फट जवळजवळ ५ मिमीनं बदलली! ताण दिला की अल्टरनेटर इंजिनकडं तिरका होत होता. व्ही बेल्टला साधारण फूटभर अंतरामागं अडीच मिमीपर्यंत चालतं, त्यापुढं तो खाचेत शिरताना कडेला घासतो. खालचा लांब बोल्ट काढला तर अल्टरनेटर ज्यावर बसतो त्या ब्रॅकेटचं भोक अंडाकृती झालेलं, बोल्टवर पण पायरी पडलेली. ज्या मिस्त्रीकडं गाडी आधी दाखवली होती तिथं दरवेळी बेल्ट अजून आवळून मिळायचा, त्यानं चीईईई कमी व्हायची आणि चिवचिव वाढायची, ते कोडं इथं सुटलं.

ब्रॅकेट घेऊन उद्यमनगरात लेथवर गेलो, भोक मोठं करून त्यात बुश (धातूची छोटी नळी) दाबून घेतला, नवीन बोल्ट, नवीन पुली, नवीन बेल्ट. बेल्ट घेताना लांबीबरोबर रुंदी पण जुळवा, बसल्यावर पाठ पुलीच्या काठाबरोबर किंवा किंचित वर पाहिजे. पाण्यानं पुल्या धुऊन कोरड्या केल्या. ताण देताना टॉमी (लोखंडी पहार) अल्टरनेटरच्या पुढच्या जाड कडेला लावली, मधल्या बॉडीला किंवा मागं पंपाला अजिबात नाही, तडा जातो. दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब भागावर अंगठ्यानं जोरात दाबून बेल्ट साधारण १० ते १५ मिमी दबला पाहिजे. गिटारच्या तारेसारखा ताणला तर वॉटर पंपाचं बेअरिंग जातं.

आणि बेल्टला साबण, मेण, तो चिकट स्प्रे, हे काही लावू नका. आवाज दोन दिवस दबतो, धूळ चिकटते आणि खरं कारण तसंच राहतं.

आता हेडलाईट लावून बॅटरीवर १४.१ व्होल्ट येतंय, आधी १२.८ च्या वर जात नव्हतं. नवीन बेल्ट सुरुवातीला बसतो म्हणून पंधरा मिनिटं चालवून ताण एकदा परत बघितला, थोडा सैल झालाच होता. चारेकशे किलोमीटरनंतर परत बघणार आणि तेव्हाच वरच्या अॅडजस्टिंग पट्टीची (जिच्यावर अल्टरनेटर सरकवून ताण देतात) खाच पण तपासणार, तीही थोडी खाल्लेली दिसतेय.