फिअर, ड्रेड, पॅनिक... सगळी भीती एकच नसते
इंग्रजीत भीतीसाठी इतके शब्द आहेत ना, की सगळीकडे फिअर वापरून भागत नाही. उद्या रिझल्ट आणि आजच पोटात गोळा आलाय तर ते ड्रेड, म्हणजे पुढे येणाऱ्या गोष्टीची धास्ती. हॉररमध्ये भीतीसोबत किळस किंवा धक्का पण असतो. पॅनिक मला सगळ्यात भारी वाटतो, ग्रीक देव पॅनवरून आलाय, रानात माणूस काही कारण नसताना अचानक घाबरला तर ते पॅनमुळेच असं ते लोक मानायचे, म्हणून पॅनिकमध्ये डोकं बंद पडतं आणि नुसती पळापळ होते. अफ्रेड मात्र नामाच्या आधी लावू नका हं, अफ्रेड चाइल्ड चुकीचं, फ्रायटन्ड चाइल्ड म्हणा. आणि कोणी आयम अफ्रेड नॉट म्हणालं तर तो घाबरलेला नसतो, नम्रपणे नाही म्हणत असतो.