तुम्ही विचारलंत म्हणून: मॅटमध्ये का नाही गेलात?

पोलीस खात्यातून रिटायर झाल्यापासून लग्नात, वॉकला, पोरीच्या सासरीसुद्धा हाच प्रश्न, साहेब, बदली सरळसरळ बेकायदा होती तर मॅटमध्ये, म्हणजे सरकारी नोकरांच्या प्रशासकीय न्यायाधिकरणात, का नाही गेलात? एकदाच लिहितो, मग पुन्हा विचारू नका.

कायदा मला पाठ आहे हो. पोलीस सुधारणांवरच्या प्रकाश सिंह केसचा सुप्रीम कोर्टाचा निकाल 2006 चा, तेव्हा ठाण्यात पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते मी. मग 2014 ला राज्याने पोलीस कायद्यात दुरुस्ती केली, बदल्यांना आस्थापना मंडळ आलं, इन्स्पेक्टरला एका ठाण्यात दोन वर्षं. आणि तिथेच पुढे लिहिलंय की गंभीर तक्रार असली तर सर्वोच्च सक्षम अधिकारी मंडळाच्या शिफारशीशिवायही हलवू शकतो. आता गंभीर तक्रार कोणाची? ज्याचे वाळूचे डंपर मी धरले, त्याची!

त्या रात्री एका नेत्याचा फोन आला, सोडा, आपलेच आहेत. मी फोनची स्टेशन डायरीला नोंद घेतली, वेळेसकट. ठाणे अंमलदार म्हणाला, साहेब, आधी कच्चं लिहू का. नको म्हटलं. सकाळी स्वतःच्या हाताने रिपोर्ट लिहून बंद पाकिटात एसपी ऑफिसला, वर 'गोपनीय'. आठवड्याच्या आत त्या नेत्याचा पीए ठाण्यात आला, समोर बसला, चहा घेतला, आणि माझ्याच रिपोर्टची झेरॉक्स टेबलावर ठेवली. माझी सही, आवक शिक्का, कोपऱ्यात पिन काढल्याच्या भोकांचे काळे ठिपकेसुद्धा उठले होते. म्हणाला, अक्षर छान आहे साहेब तुमचं. संध्याकाळी ऑर्डर, प्रशासकीय कारणास्तव, कंट्रोल रूम.

मॅटने स्टे दिला असता, कित्येकांना दिलाय. पण पाकीट कोणी फोडलं हे तिथे कोण विचारणार होतं? आणि घाबरलोही होतो, लपवत नाही. डीई, म्हणजे खातेनिहाय चौकशी, लावली असती, पेन्शन लटकली असती, पोरगी बारावीला होती.

लोक परमबीर सिंहांचं उदाहरण देतात. मुंबईच्या पोलीस आयुक्तपदावरून हलवल्यावर मार्च 2021 मध्ये त्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, गृहमंत्र्यांवर 100 कोटींच्या वसुलीचा आरोप, पुढे हायकोर्ट, सीबीआय, गृहमंत्र्यांचा राजीनामा. अहो, आयुक्ताचं पत्र आणि तालुक्याच्या इन्स्पेक्टरचं पत्र एका ट्रेमध्ये पडतं का? जागल्यांच्या, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा केंद्राचा कायदा 2014 साली मंजूर झाला, लागू मात्र केलाच नाही.

तरी पूर्वीचा मी अजून भांडतो, हरला असतास तरी ती झेरॉक्स रेकॉर्डवर आली असती ना. बाबा, कुठली झेरॉक्स? चहा संपल्यावर पीएने ती घडी घालून खिशात टाकली आणि गेला.