रेडिएटरमधलं काळं पाणी आणि अर्ध्या इंचाचे आटे

सांगलीत नळ गळायला लागला की कोपऱ्यावरच्या दुकानात निरोप द्यायचा. तासाभरात प्लंबर पाना, सफेदा आणि दोरा घेऊन हजर. इथे इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये तसं नाही. आमचं घर शंभरी ओलांडलेलं, विटांचं, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. ऐन थंडीत बेडरूमचा रेडिएटर, म्हणजे आतून गरम पाणी फिरवून खोली ऊबदार ठेवणारी भिंतीवरची लोखंडी पेटी, गार पडला, तेव्हा प्लंबर दोन आठवड्यांनी येणार म्हणाला. दोन आठवडे लेकीला स्वेटर घालून झोपवायचं? मग मीच हात घातला.

रेडिएटर वरून गार आणि खालून गरम असेल, तर आत हवा अडकलेली असते. छोट्या चौकोनी किल्लीने वरचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला की फुस्स करून हवा निघते आणि पाण्याचा थेंब दिसला की बंद करायचं. हे काम कुणालाही जमेल. आमचं मात्र उलटं होतं. वर गरम, खाली गार. म्हणजे गाळ.

रेडिएटरमधलं पाणी नळासारखं वाहून जात नाही. तेच पाणी बॉयलरपासून, म्हणजे पाणी तापवणाऱ्या गॅसच्या यंत्रापासून, रेडिएटरपर्यंत वर्षानुवर्षं फिरत राहतं. लोखंड आतून गंजतं आणि काळी भुकटी तळाशी साचते. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केले. त्यातला एक किती फेऱ्यांत बंद झाला, ते भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवलं, कारण तो पुन्हा तेवढाच उघडला नाही तर घरभर उष्णतेची वाटणी बिघडते. मग खाली ट्रे ठेवून नट सैल केला. जे आलं ते पाणी नव्हे, शाई होती. टॉवेल अंथरूनही कार्पेटवर तळहाताएवढा डाग पडला, तो अजून आहे. लेकीने फ्रिजवरचा चुंबक ट्रेमध्ये बुडवला, तर त्याला काळी मिशी फुटली!

रेडिएटर बागेत नेऊन पाइपने धुतला, पाणी स्वच्छ येईपर्यंत. परत बसवला, गंज रोखणारं औषध घातलं आणि बॉयलरमधल्या पाण्याचा दाब पुन्हा सव्वा बारवर आणला (बार हे दाबाचं माप). बॉयलर थंड असताना एक ते दीडच्या मध्ये काटा हवा. बॉयलरच्या आत मात्र मी हात घालत नाही, तुम्हीही घालू नका. गॅसचं काम इथे ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या माणसानेच करायचं असतं. २००९ पासून ही नोंदणी आहे आणि ती असावीच, असं माझं ठाम मत आहे.

पुढे टबावर शॉवरही मीच बसवला, त्याचं कारण आई. ती उन्हाळ्यात यायची होती. गुडघ्यांमुळे तिला टबात बसता-उठता येत नाही आणि आमच्या टबाला गरम-गार पाण्याचे दोन वेगळे नळ. मुख्य कॉक बंद करून १५ मिलीमीटरचा तांब्याचा पाइप भिंतीवरून वर नेला. सांध्यात पितळेची बारीक कडी असते, तिला ऑलिव्ह म्हणतात. नट हाताने आवळायचा, मग पान्याने साधारण एक फेरा. जास्त पिळलं तर कडी चेपते आणि नेमकं तिथेच गळतं. प्रत्येक सांध्याला कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून रात्रभर ठेवला. सकाळी एकच ओला निघाला. टबाच्या कडेला सिलिकॉन लावण्याआधी टब पाण्याने भरून ठेवला, कारण वजनाने तो किंचित खाली बसतो. रिकामा असताना लावलं तर पुढे फट पडते. भिंतीला धरायला दांडीही ठोकली.

या सगळ्यात मला सर्वांत आनंद झाला तो आट्यांचा. इथला अर्धा इंच तोच आपला अर्धा इंच! आपल्याकडचे नळाचे आटे ब्रिटिश मापाचेच आहेत, तेव्हा सांगलीच्या हार्डवेअरच्या दुकानातला निप्पल, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला पाइपचा छोटा तुकडा, इथे सरळ बसतो.

आईने पहिल्या दिवशी आतून हाक मारली, “अरे, कोमटच येतंय!” शॉवरचा नॉब ३८ अंशांवर अडतो. लाल बटण दाबून पुढे फिरव म्हटलं. तिला सांगलीसारखं कढत हवं असतं. बाहेर आल्यावर केस पुसता पुसता म्हणाली, पुढच्या खेपेला बागेतल्या नळासाठी पितळी तोटी आणते.

बसेल. आटे तेच आहेत.