धाकले आबाजी आणि 1 जुलै

इंग्लंडात जाऊन बेपत्ता झालेला माणूस शोधायचा असेल तर सुरुवात गावच्या शाळेपासून करा, असं मी हल्ली सगळ्यांना सांगत असतो आणि लोकं हसतात. आमच्या घरचेच हसले. काकाजी म्हणे, "अरे बाप्पा, माणूस गेला इंग्लंडले अन् तू दाखला काढून रायला दर्यापूर तालुक्यात!"

धाकले आबाजी म्हणजे माझ्या आजोबांचे सख्खे भाऊ. नागपूरला एम्प्रेस मिलमधे फिटरकी शिकले, 1956 मधे मुंबईहून बोटीनं इंग्लंडला गेले, तेव्हा आपल्या लोकांना तिकडं जायला फार आडकाठी नव्हती, 1962 च्या कायद्यानंतर दार आवळलं. काही वर्षं पत्रं आली मग बंद. शेवटचं एअर लेटर घरात आहे पण पत्त्याची बाजू कसरीनं खाल्लेली, नशिबानं शिक्क्यावरचं कोव्हेंट्री हे शहराचं नाव तेवढं वाचता येतं. त्यांचं नाव मात्र सातबारावर अजून ठणठणीत आहे, त्यामुळे वारस लावायचे म्हटलं की मृत्यूचा दाखला आणा. आणायचा कुठून?

यूट्यूबवर इंग्लिश खानदान शोधायचे जेवढे व्हिडिओ पाहिले त्यात पहिला शब्द सेन्सस. आपल्या कामाचा नाही तो, आधीच सांगतो. तिथली जनगणना शंभर वर्षं बंद असते, 1921 ची आत्ता 2022 मधे उघडली, 1931 ची 1942 च्या आगीत जळून गेली, 1941 ला युद्धामुळे झालीच नाही, आणि 1951 ची उघडायला अजून बराच वेळ आहे. म्हणजे पन्नास-साठच्या दशकात गेलेला आपला माणूस त्यात मिळणारच नाही.

मिळतो तो बोटीच्या यादीत. बाहेरून आलेल्या प्रवाशांच्या याद्या 1878 ते 1960 पर्यंतच्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमधे, म्हणजे तिथल्या सरकारी अभिलेखागारात आहेत आणि ॲन्सेस्ट्री नावाच्या साइटवर पैसे भरून घरबसल्या दिसतात. मी वानखडे टाकून पाह्यलं, व्ही लावून, डब्ल्यू लावून, शेवटी डी की आर सगळे प्रकार करून, काहीच नाही. मग डोक्यात आलं की बोटीवरच्या कारकुनाला नाव, बापाचं नाव, आडनाव ही आपली रीत काय माहीत, त्यानं यादी करताना आडनाव उडवलं असेल तर? बापाचं नाव नारायण, तेच आडनाव म्हणून टाकलं आणि टिलबरी बंदराच्या यादीत फिटर, वय बरोबर, असा माणूस समोर. आमच्या अख्ख्या खानदानाचं आडनाव एका रकान्यात गेलं, पण मला त्या कारकुनाचा राग नाही आला, उलट आनंदानं ओरडलो.

खरी पंचाईत पुढे. इंग्लंड-वेल्समधे 1837 पासून जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद आहे आणि तिची वर्णानुक्रमे सूची आहे, तीन-तीन महिन्यांची. फ्रीबीएमडी नावाच्या साइटवर तिथल्या हौशी लोकांनी ती फुकटात टाइप करून ठेवली आहे, त्या लोकांचे पाय धरावेत. पण नारायण हे नाव गुजराती, मद्रासी सगळ्यांत चालतं. कोव्हेंट्रीत तसे एकापेक्षा जास्त मेलेले निघाले. आपला कोणता?

इथे शाळा कामी आली. 1969 च्या एप्रिल-जून तिमाहीपासून मृत्यूच्या सूचीत माणसाची जन्मतारीख छापलेली असते, त्याआधी नुसतं वय. आमच्याकडे दोन तारखा होत्या. एक कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीतली, जात पडताळणीसाठी नक्कल काढलेली, तिच्यात नाव नाही, बापाचं नाव आणि 'एक मुलगा' एवढंच, दिवाळीच्या पुढचा जन्म. दुसरी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली, 1 जुलै. आता आपल्याकडे 1 जुलैला जन्मलेली किती माणसं आहेत ते तुम्हाला सांगायला नको, पोरगं शाळेत आणून बसवलं की गुरुजी अंदाजानं साल धरायचे आणि 1 जुलै ठोकून द्यायचे. पण पासपोर्टला दाखला लागतो, म्हणून तीच तारीख बोटीत बसली, तिकडच्या कारखान्यात गेली आणि शेवटी त्या सूचीत आली. 1974 च्या नोंदीपुढे जन्म 1 जुलै, साल गुरुजींनी लिहिलेलंच. खरी तारीख धरून बसलो असतो तर आबाजी जन्मात सापडले नसते.

दाखला मागवायला तिथे नातं सिद्ध करावं लागत नाही हे एक नवलच. कोणीही कोणाचाही मागवू शकतो, फी भरा, पोस्टानं घरी येतो. आपल्याकडच्या कामासाठी मात्र त्यावर तिथल्या फॉरेन ऑफिसचा अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा दाखला लागतो, तो लावूनच मागवा नाहीतर दुप्पट खेप. आणि तरीही आमचं काम पूर्ण नाही झालं, कारण सातबारावर वानखडे आणि इंग्लंडच्या कागदावर नारायण. आता दोन्ही नावांचा माणूस एकच असं प्रतिज्ञापत्र, सोबत वंशावळ, बोटीची यादी, शाळेचा दाखला. बघू.

काकाजींना या फेरफारात रस नाही. त्यांनी दाखला हातात घेतला, मृत्यूचं कारण वगैरे मी वाचून दाखवत होतो तर म्हणे, "थांब. अग्नी कोणं देल्ला ते सांग." आणि ते खरंच लिहिलेलं असतं. खबर देणाऱ्याचा रकाना असतो, त्यात त्याचं मेलेल्याशी नातं. बायको, मुलगा असं काही नव्हतं. देहाच्या दहनाची व्यवस्था करणारा, एवढंच, आणि नाव एका पंजाब्याचं, पत्ता आबाजींचाच. म्हणजे एका घरात राहत होते. लग्नाच्या सूचीत मी दोन्ही नावांनी शोधलं, काही नाही.

त्या सिंगसाहेबांची पोरं तरी त्या गावात असतील असा काकाजींचा हट्ट आहे. जुन्या मतदार याद्या तिथे नावानं नाही, गल्लीनं लावलेल्या असतात, आणि गल्ली तर आता आपल्याकडे आहे, म्हणून कोव्हेंट्रीच्या अभिलेखागाराला कालच ईमेल टाकला की या नंबरच्या घरात 1974 च्या आधी आणि नंतर कोण कोण राहत होतं ते कळवा.