भुरका

सांगलीत विश्रामबागेकडून शंभरफुटी रस्त्याला लागलं की आतल्या एका गल्लीत एक गाळा आहे. पूर्वी तिथं झेरॉक्स मिळायची, आता रामेन मिळतं, म्हणजे रश्शातल्या जपानी नूडल्स. आठ स्टुलं आणि भिंतीला ठोकलेली एक लांब फळी. भिंतीकडे तोंड करून खायचं. शेजाऱ्याचं कोपर आपल्याला लागतं, आपलं त्याला. संध्याकाळी सातनंतर बाहेर कॉलेजच्या पोरांची ही गर्दी! मला लेकीनं नेलं. "बाबा, तिखटाच्या एवढ्या गप्पा मारता ना, चला आज."

गप्पा मारतो, हे कबूल. आमच्याकडे अजून वर्षाची चटणी उन्हाळ्यात डंकावरून कुटून आणतात. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, ठसक्याला मूठभर लवंगी. कांदा उन्हात वाळवून तळायचा, लसूण, खोबरं, धणे, तीळ आणि मग ते डंकावर जाऊन शिंकत उभं राहणं. त्यामुळे २०२४ मध्ये डेन्मार्कच्या अन्न खात्यानं कोरियाच्या झणझणीत नूडल्सचे तीन प्रकार 'फार तिखट' म्हणून बाजारातून परत मागवले, ही बातमी मी घरात मोठ्यानं वाचून दाखवली होती. आमच्या आईनं विचारलं, "मग ती माणसं जेवत्यात तरी काय?"

दुकानात तिखटाच्या चार पायऱ्या खडूनं लिहिल्यात. पहिली 'पुणे', दुसरी 'सातारा', तिसरी 'सांगली', चौथी 'डंक'. (साताऱ्याच्या मेव्हण्याला हे अजून सांगितलेलं नाही.) लेकीनं 'सातारा' घेतलं. मी अर्थातच 'डंक'.

वाडगं आलं आणि मी जरा वेळ बघतच बसलो. खाली दुधासारखा पांढरा रस्सा, वर लालभडक तेलाचा तवंग. कोंबडीची हाडं आणि पाय आठ-आठ तास खळखळ उकळतो, असं मालक पोरगा सांगत होता. मंद आचेवर ठेवलं तर पाणी नितळ राहतं. खळखळ उकळलं की चरबी पाण्यात मिसळून जाते आणि रस्सा पांढरा होतो. म्हणजे आपलं मटणाचं अळणी पाणीच की! आपण अळणीत नारळाचं दूध आणि काजू-तीळ वाटून घालतो नि पांढरा रस्सा करतो. हे लोक नुसत्या आचेवर करतात. वरचा तवंग तर आपल्या कांदा-लसणाच्या चटणीचाच होता, वासावरून ओळखला. तांबडा आणि पांढरा एकाच वाडग्यात. रविवारी दोन वाट्या घासायचा त्रास वाचला.

नूडल्सही चाखून बघितल्या. पिवळसर, चिवट, ओढल्या तर रबरासारख्या परत येणाऱ्या. पिठात अंडं असणार म्हटलं, तर नाही. जपानात रामेनच्या पिठात कान्सुई म्हणून क्षाराचं पाणी घालतात, त्यानं रंग आणि चिवटपणा येतो. आमच्या पापडखाराची भावकी.

पहिला घास घेतला आणि कानातून काहीतरी निघून गेलं. तिखट ही चव नाहीच म्हणे. जिभेवरचं जे दार साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेला उघडतं, तेच मिरचीलाही उघडतं. हे दार शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. आता उकळता रस्सा आणि 'डंक' एकदमच त्या दारावर धडकले तर काय होणार? डोळ्यांतून, नाकातून, टाळूवरून सगळीकडून पाणी. पाण्याचा ग्लास उचलला, त्यानं काडीचा फरक पडला नाही. मालकानं पाहिलं आणि म्हणाला, "काका, फुंकर मारत बसू नका. ओढून घ्या. आवाज होऊ दे."

आवाज होऊ दे! हे वाक्य मला कुणीतरी चाळीस वर्षं आधी म्हणायला हवं होतं.

आमचे आबा भुरका मारायचे. आमटीचा, कढीचा, बशीतल्या चहाचा. माजघरात आबा जेवायला बसलेत, हे सोप्यात कळायचं. 'भुर्रर्र' आणि त्यामागं एक समाधानाचा 'हां'. मित्र घरी आले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मास्तरांनी तर वर्गात सांगून ठेवलं होतं, जेवताना आवाज करणारा तो अडाणी. भुरका आणि मचमच यांत त्यांनी फरकच केला नाही. मचमच वाईट, ती मलाही सहन होत नाही. पण भुरक्यात घासाबरोबर हवा आत जाते, कढत रस्सा ओठाशीच निवतो आणि वास घशातून नाकात चढतो. रामेन खाताना जपानी माणूस एवढ्याचसाठी आवाज करतो आणि त्याला कुणी अडाणी म्हणत नाही.

मी ओढलं. पहिल्यांदा ठसका लागला, तवंगाचे थेंब शर्टावर. दुसऱ्यांदा जरा बरं. तिसऱ्यांदा तो आवाज आला. अगदी तोच. लेकीनं माझ्याकडे पाहिलं, मग फळीवरच्या इतरांकडे पाहिलं, मग मान खाली घालून स्वतःच्या वाडग्यात बघत बसली. ते बघणं माझ्या ओळखीचं होतं.

माझ्या डाव्या बाजूला एक फेटेवाले आजोबा होते, नातवानं धरून आणलेले असावेत. काड्या त्यांनी केव्हाच बाजूला ठेवल्या होत्या. नूडल्स संपवून वाडगं पुढं सरकवत म्हणाले, "पोरा, कट वाढ."

मालक गडबडला. मिसळीच्या दुकानात कट मागायचा आपला हक्कच. पण रामेनचा हिशेब उलटा. जपानात फुकुओकाकडे नूडल्स संपल्या की नुसत्या नूडल्स परत मागवतात, काएदामा म्हणतात त्याला, आणि त्यासाठी रस्सा राखून खातात. आठ तासांचा रस्सा फुकट वाढायला लागला तर त्या पोराचं दुकान आठ दिवस चालायचं नाही. त्यानं हे सगळं आजोबांना समजावलं. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं. मग पाव हाय का?"

पाव नव्हता. नातू पळत जाऊन समोरच्या बेकरीतून स्लाइस ब्रेडचा पुडा घेऊन आला. तोवर मालकानंही पळीभर रस्सा वाढला होता, चेहरा जरा पाडूनच. आजोबांनी दोन स्लाइस न विचारता माझ्यापुढं ठेवल्या. मी एक लेकीकडे सरकवली.

परवा पुन्हा गेलो होतो. फळ्यावर 'डंक'च्या खाली खडूनं नवी ओळ आली आहे : ब्रेड १० रुपये, कट मागू नये.